मुंगीसाठी आणलेलं जाड पुस्तक

मित्रांनो, मी जुना आहे, जाड आहे आणि इंग्रजी आहे. या तिन्ही गोष्टींत माझा काही दोष नाही. मला बनवलंच तसं, आणि ज्यांनी बनवलं त्यांनी मन लावून बनवलं.

मी समुद्रावरच्या गोष्टींचा ग्रंथ. वादळं, बुडालेली गलबतं, धुक्यात हरवलेले खलाशी असं बरंच काही माझ्या पोटात आहे. छापखान्यातून निघाल्यावर माझी पानं एका बाईंनी दोऱ्याने शिवली. हल्लीची पुष्कळ पुस्तकं नुसती डिंकाने चिकटवलेली असतात. चारदा उघडली की पानं हातात येतात. माझा मात्र अजून एक टाकासुद्धा उसवलेला नाही. वरून निळं कापड, त्यावर सोनेरी जहाज. काम संपल्यावर त्या बाईंनी मला मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि शेजारणीला म्हणाल्या, "कुणाच्या नशिबात आहे कोण जाणे. पण ज्या पोराच्या हातात पडेल त्याची मजा आहे बाई!"

मी ते अगदी खरं धरलं. त्या पोराची वाट पाहत मी पुस्तकांच्या दुकानात आलो आणि दर्शनी काचेमागे उभा राहिलो. उभाच राहिलो. माझ्या आजूबाजूची पुस्तकं यायची, थोडे दिवस राहायची आणि कुणाच्या तरी पिशवीतून निघून जायची. मुलं काचेला नाक लावून माझं जहाज बघायची, आत येऊन मला उचलायची, आणि माझं वजन मनगटाला जाणवलं की हळूच परत ठेवायची. उन्हाने माझी एक बाजू फिकी पडली. दुकानदार सकाळी फडकं मारायचा तेवढाच काय तो स्पर्श. मारता मारता पुटपुटायचा, "तू काही हलत नाहीस बाबा इथून."

मग एके दिवशी चष्मेवाला आला.

त्याच रस्त्यावर, दोन वळणं पुढे, त्याचं चष्म्यांचं छोटंसं दुकान होतं. तिथे तो एकटाच असायचा. डोळे तपासायचाही तोच आणि काचा घासून फ्रेममध्ये बसवायचाही तोच. उंच, किडकिडीत माणूस. बोलता बोलता स्वतःचा चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायची त्याला सवय होती.

"सगळ्यात चांगलं इंग्रजी पुस्तक दाखवा," तो म्हणाला.

"कुणासाठी?"

"मुलीसाठी."

"कितवीत आहे?"

"तिसरीत. पण हुशार आहे हो."

"इंग्रजी येतं तिला?"

"ते यावं म्हणूनच तर न्यायचंय!"

दुकानदाराने एक बारीकसं पुस्तक पुढे केलं. चष्मेवाल्याने ते दोन बोटांत धरून उलटसुलट केलं. "यात काय आहे? सगळी चित्रंच. हे तर घरी पोचायच्या आत संपेल. काहीतरी भरीव द्या." आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

दुकानदाराने तोंड उघडलं. तो खरं काय ते सांगणार असं मला वाटलं. पण मला पुसून पुसून तोही कंटाळला असणार. "न्या हे," तो म्हणाला. "मोठेपणीही उपयोगी पडेल."

मित्रांनो, पिशवीतून जाताना मी किती खूश होतो काय सांगू! शिवणाऱ्या बाईंनी सांगितलेलं ते पोर अखेर भेटणार होतं.

ते पोर म्हणजे आठ वर्षांची एक काटकुळी मुलगी. घरात तिला मुंगी म्हणायचे, कारण ती कधी स्वस्थ बसायची नाही आणि स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत न्यायची तिला भारी हौस. घरात तरी कोण होतं म्हणा! ती, तिचा बाबा म्हणजे हा चष्मेवाला, आणि फोनमधली आई. आई नर्स होती. दोन वर्षांपूर्वी ती दूरच्या देशात एका रुग्णालयात नोकरीला गेली. तिथे तिचं नीट बस्तान बसलं की आधी मुंगीने जायचं, आणि कागदपत्रं झाली की दुकान आवरून मागाहून बाबाने, असं ठरलेलं.

"इथल्या शाळेत घेण्याआधी बाई मुलांशी इंग्रजीत गप्पा मारतात," आईने फोनवर सांगितलं होतं. "तोंडच उघडलं नाही तर अगदी चिल्ल्यापिल्ल्यांत नेऊन बसवतील तिला. थोडंसं तरी बोलता यायला हवं."

बाबाने त्यातलं 'थोडंसं' ऐकलंच नाही. तो मला घेऊन आला.

पहिल्या संध्याकाळी मुंगीने माझ्या सोनेरी जहाजावरून बोट फिरवलं. "बाबा, हे जहाज आईकडे जातं?"

"जातं ना. पण आधी आतलं सगळं वाचावं लागतं."

तिने मला उघडलं. आत एक चित्र नाही. मुंग्यांच्या रांगा दिसाव्यात तशा बारीक ओळी, वरपासून खालपर्यंत. तिने एक पान उलटलं, आणखी एक उलटलं, मग माझ्याकडे अशी पाहत राहिली, की मला तर तिथेच मिटावंसं वाटलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसून झालं की मला मधोमध ठेवलं जायचं. बाबा शेजारी बसायचा. त्याचं स्वतःचं इंग्रजी म्हणजे काचांच्या खोक्यांवर जे छापलेलं असतं तेवढं. अर्थ त्यालाही सांगता यायचा नाही. पण सारखं वाचलं की आपोआप येतं, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. तेव्हा मुंगीने ओळीखाली बोट धरायचं आणि मोठ्याने वाचायचं. ती एकेका शब्दावर असं पाऊल टाकायची, जसं निसरड्या दगडावरून नाला ओलांडावा. श्वास रोखायची. ओळ संपली की सोडायची, आणि पुढची ओळ दिसली की पुन्हा रोखायची.

"थांबलीस का? वाच."

"कळत नाही बाबा."

"कळेल. आईकडे जायचंय ना?"

एकदा तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पानावर पडलं. समुद्राच्या इतक्या गोष्टी पोटात घेऊन मी जन्मलो, पण खारं पाणी मला पहिल्यांदा लागलं ते त्या संध्याकाळी.

बाहेर माझं कौतुक मात्र फार. शेजारचे काका आले की बाबा मला मुद्दाम त्यांच्या हातात द्यायचा. काका मला तराजूत तोलावं तसं वरखाली करायचे. "बाप रे! एवढं जाड? आणि ही वाचते?"

"वाचते ना. रोज एक पान."

काका मुंगीकडे कौतुकाने पाहायचे. मुंगी फरशीकडे पाहायची. आणि मी, मित्रांनो, कुठे पाहावं हेच मला कळायचं नाही. इतकी वर्षं मी वाचकाची वाट पाहिली होती, आणि वाचक मिळाला तो मला भिणारा. दुकानाच्या काचेमागे मी एकटा होतोच. पण रोज कुणाच्या तरी हातात असून एकटं असणं वेगळं. ते जास्त टोचतं.

मग ती मला लपवायला लागली. आधी पलंगाखाली, मग पिठाच्या डब्यामागे. बाबा शोधून काढायचाच. एके दिवशी तर तिने मला कपडे धुण्याच्या यंत्रात, चादरींच्या खाली दडवलं. बाबा पाणी सोडणार तेवढ्यात त्याला माझा कोपरा दिसला म्हणून वाचलो.

"पुस्तक धुतात का गं?" तो ओरडला.

"मळलं होतं," मुंगी म्हणाली.

बाबाला हसू येत होतं आणि रागही. त्याने राग निवडला. आता वाटतं, त्या वेळी तो हसला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आईचा फोन आला. आई कामावरून नुकतीच परतली होती. आवाज दमलेला, पण आनंदी. "काय गं मुंगे, बाबा सांगत होता मोठ्ठं पुस्तक वाचतेस म्हणे. बोल बघू काहीतरी इंग्रजीत."

मुंगीने हात मागे बांधले आणि माझ्या नवव्या पानावरचं एक लांबलचक वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. वादळात मोडणाऱ्या डोलकाठीचं वाक्य होतं ते. एक शब्द चुकली नाही. बाबाची छाती फुगली.

 पलीकडून आई हळूच म्हणाली, "छान म्हटलंस. पण राणी, याचा अर्थ काय गं?"

मुंगीने माझ्याकडे पाहिलं.

"बरं, राहू दे. 'माझं नाव अमुक' असं म्हणता येतं? 'मला भूक लागली' असं?"

"ते यात नाहीये," मुंगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आई, तिथे सगळे असंच बोलतात?"

"असंच म्हणजे?"

"या पुस्तकासारखं."

आई उत्तर देणार तोच मुंगी म्हणाली, "मला नाही यायचं तुझ्याकडे."

"अगं..."

"नाही यायचं. तूच ये परत." आणि फोन बाबाच्या हातात देऊन ती आतल्या खोलीत गेली. रडली नाही. दार मात्र लावून घेतलं.

बाबा फोन कानाला लावून उभा राहिला.  आई म्हणाली, "दोन वर्षं तिने एकच विचारलं रे मला. मी कधी येऊ, मी कधी येऊ. आणि आज..."

मी टेबलावरच होतो. माझ्यातला एक शब्दही मी मिटवू शकत नव्हतो, नाहीतर सगळे मिटवले असते.

दुसऱ्या दिवशी बाबाने मला पिशवीत घातलं आणि आपल्या दुकानात नेलं. त्याने ठरवलं होतं की आपणच आधी पुस्तक नीट वाचून अर्थ लावायचा आणि मग तिला समजावून सांगायचं. काउंटरवर मी, शेजारी शब्दकोश. गिऱ्हाईक नव्हतं. त्याने माझं पहिलं पान उघडलं आणि पहिला अडलेला शब्द शोधला. त्या शब्दाच्या अर्थात दुसरा एक शब्द होता, तोही त्याला येत नव्हता. तो शोधला. त्याच्या अर्थात पुन्हा पहिलाच शब्द! बाबाने चष्मा काढून पुसला. जसं काही चूक काचेचीच होती. दुपार झाली तरी अर्धं पान सरेना. त्याने ओळीखाली बोट धरलं. आणि मला कळलं, तोही श्वास रोखून धरतोय.

तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई दाराला चाचपडत आत आल्या.

"डोकं ठणकतं हो हल्ली. पायरी कुठे आहे तेच कळत नाही. जरा बघा बरं काय झालंय."

बाबाने त्यांच्या नाकावरचा चष्मा अलगद काढून उजेडात धरला. "आजी, हा तुमचाच का?"

"आमच्या ह्यांचा. ते गेले, चष्मा राहिला. काड्या बघा किती सुरेख आहेत! टाकवेना. म्हटलं आपणच लावू."

"चष्मा सुरेखच आहे," बाबा हसून म्हणाला. "काचही उत्तम आहे. पण ती त्यांच्या डोळ्यांची होती आजी. तुमचा नंबर निराळा. असंच जोर लावून बघत राहिलात तर डोळ्यांना बघायचाच कंटाळा..."

तो बोलता बोलता थांबला. वळून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं?" आजींनी विचारलं.

"काही नाही. बसा तुम्ही."

त्याने आजींना खुर्चीत बसवलं, तपासायची जड चौकट त्यांच्या नाकावर चढवली आणि एकेक काच बदलत विचारत गेला, "आता कसं दिसतं? आणि आता? आधीचं बरं होतं का?" भिंतीवरच्या पाटीवर सगळ्यात वर एकच ठळक अक्षर होतं. आजींनी तिथून सुरुवात केली आणि एकेक ओळ खाली उतरत आल्या. बाबा घाई करत नव्हता. इतका धीर मी त्याच्या आवाजात घरी कधी ऐकला नव्हता.

आजी गेल्यावर त्याने दुकान लवकर बंद केलं. मुंगीला शाळेतून घेतलं आणि तिला काही न सांगता सार्वजनिक वाचनालयात नेलं. पिशवीत मी होतोच.

तिथल्या मुलांच्या खोलीत फळ्या इतक्या बुटक्या होत्या की बाबाला वाकावं लागलं. पुस्तकं पाठ करून उभी नव्हती, तोंड पुढे करून मांडली होती. कोपऱ्यातल्या टेबलाशी ग्रंथपाल बाई फाटलेलं एक पान चिकटवत बसल्या होत्या. बाबाने मला त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळी हकिगत सांगितली. आईची नोकरी, शाळा, मी, आणि कालचा फोन.

बाईंनी मला उघडलं. माझी शिलाई बघितली. "काय सुंदर बांधलंय! कोण वाचतं?"

बाबाने मुंगीकडे पाहिलं. "कोणीच नाही," तो म्हणाला.

"तुम्ही बघितलंत वाचून?"

"बघितलं की. अर्ध्या पानात घाम फुटला."

"मग मी मुलांना सांगते ते तुम्हीही करून बघा. एक पान वाचायचं. शब्द अडला की हाताचं एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ झाली तर पुस्तक परत फळीवर. त्यात लाज कसली? आज नाही, पुढे कधीतरी."

बाबाने माझी एक ओळ वाचली, मग दुसरी. तिसऱ्या ओळीला मूठ झाली. स्वतःच्या मुठीकडे पाहून तो एवढ्या मोठ्याने हसला की खोलीतली मुलं वळून बघायला लागली. मुंगीसुद्धा. बाबाला माझ्यासमोर हसताना ती पहिल्यांदाच पाहत होती.

बाई तिच्याकडे वळल्या. "इथलं कुठलंही घे. नाही आवडलं तर परत ठेव."

मुंगीला खात्री नव्हती. "पूर्ण वाचावं लागेल?"

"नाही."

"अर्थ विचाराल?"

"मी नाही विचारणार. तू विचारलास तर सांगेन."

मुंगीने एक पुस्तक उचललं, बाईंच्या डोळ्यांत बघत परत ठेवलं. कुणी रागावलं नाही. आणखी एक उचललं, ठेवलं. असं बराच वेळ चाललं. बाई आपलं पान चिकटवत होत्या. शेवटी मुंगी एका पुस्तकाशी थांबली. एवढंसं, तळहाताएवढं. त्यात एक दाढीवाला बोकड केस कापून घ्यायला न्हाव्याकडे गेला होता. प्रत्येक पानावर न्हावी नवीन काहीतरी घेऊन यायचा, कधी कात्री, कधी वस्तरा, कधी चक्क बागेतली मोठी कातर. आणि प्रत्येक पानावर बोकड दाढी दोन्ही खुरांत धरून एकच ओरडायचा, "नो, नो! नॉट माय बियर्ड!"

मुंगीने पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. तिसऱ्यावर खुदकन हसली. चौथ्यावर तिने कुणीही न सांगता ओळ वाचली. मोठ्याने. आणि वाचताना, मित्रांनो, तिने श्वास रोखला नव्हता.

"अहो, पण हे तर तान्ह्या बाळाचं आहे," बाबा हळू आवाजात म्हणाला. "पानाला एक ओळ. आमच्याकडे वेळ कुठे आहे?"

"वेळ नाही म्हणूनच," बाई म्हणाल्या. "ती एक ओळ तिची होऊ दे. मग दोन ओळींचं देऊ. आणि नुसतं वाचून घेऊ नका हं. तुम्हीही बोला. कुणी उलट बोलणारं नसेल तर भाषा येऊन करायचं काय?"

त्या दिवसापासून मला कपाटावर ठेवण्यात आलं. तिथे बिघडलेली इस्त्री होती, एक जुना टेबलपंखा होता, आणि आता मी. खालचं मला दिसायचं नाही. ऐकू मात्र सगळं यायचं.

"बाबा, गळ्याशी टॉवेल बांध!" अशी हाक आली की तो बोकड व्हायचा आणि मुंगी न्हावी. कधी उलटं. "नॉट माय बियर्ड!" असा आरडाओरडा चालायचा. सकाळी बाबा खरोखरच दाढी करायला बसला की न्हाणीघराच्या दारातून मुंगी ओरडायची, "नो, नो!" मग तिला मिशीला इंग्रजीत काय म्हणतात ते हवं झालं, मग भुवईला, मग टकलाला. पुढच्या आठवड्यात बोकड गेला आणि दोन ओळींचं काहीतरी आलं. मग चार ओळींचं. जेवताना बाबा विचारायचा, "मोअर?" आणि ती ऐटीत म्हणायची, "नो, थँक यू, आय अॅम फुल," आणि वर मराठीत, "पण गोड काही असेल तर बघू."

खरं सांगू? मला हेवा वाटला. माझ्यात हजारो वाक्यं आहेत, एकेक घोटून घोटून लिहिलेलं. आणि त्या तळहाताएवढ्या पुस्तकाने एका ओळीत ते केलं जे मला जमलं नाही. कपाटावर धूळ बसत होती. पण खालून हसण्याचा आवाज आला की मी कान टवकारायचोच. आवाज माझ्यामुळे नव्हता, म्हणून काय झालं? घरात होता ना.

एके दिवशी आईचा फोन आला आणि मुंगीने हॅलोच्या जागी बोकडाची आरोळी ठोकली. आईला काही समजेना. मग मुंगीने तिला सगळी गोष्ट सांगितली. अर्धी इंग्रजीत, अर्धी मराठीत, चुका पुष्कळ. पलीकडून आधी हसू आलं आणि मग नाक ओढल्याचा आवाज.

"आई, तुझ्या तिथल्या शाळेत असली पुस्तकं आहेत का गं?"

"असतील की. बघते हं मी."

"बघू नको, मी आले की मीच बघेन."

 खाली खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बहुतेक बाबा बसला असावा.

शाळा सुरू व्हायच्या आधी आई तिला न्यायला आली. घरात चार दिवस नुसती धावपळ, बॅगा, पावलं, एकमेकींना मारलेल्या हाका. मग एका सकाळी दार बंद झालं. जाताना मुंगीने माझं नावसुद्धा काढलं नाही. का काढील? मी तिच्या आठवणीत न राहणं हेच तिच्या भल्याचं होतं. तरीही मी वाट पाहिली, हे कबूल करतो.

त्यानंतरचं घर मला विसरता येत नाही. बाबा संध्याकाळी यायचा, भांड्याला चमचा लागल्याचा आवाज व्हायचा, पण ताटाचा नाही. म्हणजे तो उभ्यानेच, भांड्यातूनच जेवायचा. मग नळ. मग काहीच नाही. कधी एकटाच म्हणायचा, "मोअर?" आणि गप्प बसायचा. वर मी, खाली तो. आम्हा दोघांनाही उलट बोलणारं कुणी नव्हतं.

पण वाचनालयात जायचं त्याने सोडलं नाही, हे मला पुढे ग्रंथपाल बाईंच्याच तोंडून कळलं. "मुलीसाठी नेतो," असं तो ग्रंथपाल बाईंना सांगायचा. मुंगी गेल्याचं बाईंना ठाऊक होतं. त्यांनी कधी तसं दाखवलं नाही. उलट, "या वेळी जरा मोठं देऊ का तिला?" असं विचारायच्या. बाबा बोकडापासून सुरुवात करून एकटाच सगळी पुस्तकं वाचत वर चढत होता.

वर्ष सरलं असेल. एके संध्याकाळी त्याने खुर्चीवर चढून मला खाली काढलं. ओल्या फडक्याने पुसलं, कोरड्याने पुसलं आणि उघडलं. पान संपलं तेव्हा त्याची मूठ झाली नव्हती. दोनच बोटं मिटली होती.

मित्रांनो, मला वाचक मिळाला. ज्या पोरासाठी मला आणलं होतं ते नाही, तर ज्याने आणलं तो. रोज थोडं थोडं, कधी अर्धं पान. अडलं की तो फोन लावायचा.

"मुंगे, हा लिस्टन म्हणजे..."

"लिस्टन नाही बाबा! लिसन. त्यातला टी म्हणायचा नसतो."

"मग घातलाय कशाला?"

"तो नुसताच बसलाय."

बाबा हसला. मलाही हसू आलं. त्या टीची आणि माझी जुनी ओळख निघाली.

"तू कुठलं पुस्तक वाचतोयस?" मुंगीने विचारलं.

"ते जहाजाचं."

 "ते? अजून आहे ते? बाबा, तुला भीती नाही वाटत?"

"वाटते," बाबा म्हणाला. "पण आता मजा पण येते. तुला मी उगाच वाचायला लावलं गं ते. फार लवकर होतं."

"हो," मुंगी म्हणाली. एवढंच. पण रागाने नाही. मग म्हणाली, "पुढे काय होतं त्यात?" आणि बाबाने तिला धुक्यात अडकलेल्या जहाजाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. दोघं बोलता बोलता मधेच इंग्रजीत जायची, मधेच परत यायची. माझी गोष्ट फोनमधून, समुद्र ओलांडून, मुंगीपर्यंत पोचत होती.

बाबाची कागदपत्रं आली तेव्हा माझी बरीच पानं उरली होती. त्याने बॅग भरली. दुकानातली हत्यारं, काचा घासायचं यंत्र, आईने मागवलेल्या वस्तू. मला आत ठेवलं, बॅग उचलून पाहिली, बाहेर काढलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. शेवटी तो मला घेऊन वाचनालयात आला.

"शेवट राहिला वाचायचा," तो ग्रंथपाल बाईंना म्हणाला.

"मग न्या ना."

"वजन होतंय. आणि इथे कुणाला तरी नक्की लागेल हे. फक्त कुणाच्या गळ्यात मारू नका. ज्याला हवं त्याने आपणहून घेऊ दे."

त्याने माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला, चष्मा काढून पुसला आणि गेला. तेव्हापासून तो मला दिसलेला नाही. तिघं एकत्र आहेत, ठीक आहेत, असं बाई एकदा कुणाशी तरी बोलताना मी ऐकलं.

आता मी मोठ्या मुलांच्या खोलीत, सगळ्यात वरच्या फळीवर असतो. बहुतेक दिवस कुणी येत नाही. परवा एका मुलीने मला काढलं, खिडकीपाशी उभं राहून चाळलं आणि आणलं तिथे ठेवलं. काल तीच पुन्हा आली होती. पण दुसऱ्या कपाटाशी गेली.

म्हणून सांगतो, आधी तुमच्या घरच्या मोठ्यांना. मुलासाठी पुस्तक घ्यायला जाल तेव्हा मुलालाही घेऊन जा. आमचं वजन बघू नका, त्याचा चेहरा बघा. आणि आणलंत की शेजारी बसा, चुका, हसा, बोला. आम्ही पुस्तकं बाकी सगळं करतो, पण उलट बोलणं आम्हाला जमत नाही.

आणि मित्रांनो, तुम्हाला एवढंच. मला उघडून बघा. नाही जमलं तर खुशाल परत ठेवा. मला वाईट वाटेल, पण ते माझं मी बघेन. तुम्ही जा आणि जे तुम्हाला हसवतं, रडवतं, पुढचं पान उलटायला लावतं ते घ्या. आणि जमलं तर मोठ्याने वाचा. या वरच्या फळीपर्यंत ऐकू येईल इतक्या मोठ्याने.